फळगळ कोणाच्या खात्यावर?

तळेगाव (श्यामजी पंत) सोडून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की तिवसा यायच्या आधी वर्धा नदी लागते. आता हमरस्त्याच्या पुलावरून ती कधी आली नि कधी गेली ते कळतही नाही. इंग्रजी अमलात मात्र या पात्राच्या दोन काठांवर जमिनीचा हिशेब दोन तऱ्हांनी चालत होता. आमचा काठ मध्यप्रांताचा, म्हणजे मालगुजारी: गावाचा सारा एका मालगुजाराच्या नावे, आणि कुळांशी काय ते त्यानं पाहायचं. पलीकडे वऱ्हाड, तिथं रयतवारी: शेतकऱ्याचा हिशेब थेट सरकारशी. आणि वऱ्हाड तर अख्खंच्या अख्खं गहाण पडलेलं होतं.

मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. सातबाऱ्यावरचा बोजा, जामीनकतबा, थकबाकीची यादी यांत आयुष्य गेलं, त्यामुळे इतिहासाचं पुस्तक उघडलं तरी माझी नजर आधी गहाणखत शोधते. १८५३ चा तह मी वाचला तो तसाच. हैदराबादच्या निजामाकडे कंपनीच्या कंटिंजंट फौजेच्या पगाराची बाकी साचली होती. ती फिटेना, म्हणून त्यानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. कारभार कंपनीनं पाहायचा, उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा, वर काही उरलं तर ते निजामाला. यालाच आमच्याकडे ताबेगहाण म्हणतात. शेत सावकाराच्या ताब्यात, पीक त्यानं खायचं, मालकी मात्र कागदावर धन्याची. पुढं १९०२ मध्ये हेच वऱ्हाड सालाना २५ लाख रुपयांवर कायमचं भाडेपट्ट्यानं दिलं गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मक्ता झाला. पिको न पिको, मालकाला ठरलेली रक्कम, आणि राहिलेल्या नफ्या-तोट्याशी त्याचा संबंध संपला.

त्याच्याही आधीची गंमत म्हणजे व्याज हराम मानणाऱ्या धर्माचा हा राजा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पामर अँड कंपनी या हैदराबादच्या पेढीकडून शेकडा चोवीस-पंचवीसच्या दरानं पैसा उचलत होता. गरज पडली की राजा काय नि कास्तकार काय, दर विचारायच्या मनःस्थितीत कोणीच नसतो.

आमच्या भागात दुसऱ्याच्या पैशावर किंवा जमिनीवर पोट भरायच्या जुन्या वाटा तीन. पहिली बटई. जमीन तुझी, अंग माझं, पिकलं ते वाटून घ्यायचं आणि नाही पिकलं तर दोघांनीही हात चोळायचे. दुसरी मक्ता. तिसरी व्याज, आणि तिच्या अनेक पोटवाटा: रोखीवर महिन्याचं शेकड्यानं, बियाण्याच्या धान्यावर सवाई किंवा दिडी. पेरणीला मण नेला की हंगामाला सव्वा मण किंवा दीड मण परत. सवाई म्हटलं की पंचवीस टक्के वाटतात, पण ते चार-सहा महिन्यांचे, हे सावकार सांगत नसे.

व्याजाशिवाय बँक कशी चालते म्हणून इस्लामी बँकेबद्दल वाचायला लागलो तेव्हा दडपण होतं. अरबी नावं, बहरीन-दुबईचे पत्ते, शरियतचे जाणकार. चार पानं वाचली आणि दडपण गेलं. ज्याला ते मुदारबा म्हणतात त्यात एकाचा पैसा, दुसऱ्याचं कसब, नफ्याची वाटणी आधी ठरलेली, आणि तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो, कष्टकऱ्याचे कष्ट जातात. ही बटईच. इजारा म्हणजे वस्तू आपल्या मालकीची ठेवून भाड्यानं देणं. तो मक्त्याचा चुलतभाऊ. तिसरी वाट तेवढी त्यांनी बंद केलेली. पैशावर नुसता काळ गेला म्हणून पैसा वाढणार नाही. आपल्या धर्मशास्त्रानं तिथं दामदुपटीचं कुंपण घातलं होतं, की थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येणार नाही. त्यांनी फाटकच लावून टाकलं.

आमच्या सोसायटीचं मूळ आणि इस्लामी बँकेचं मूळ एकाच परसातलं आहे, हे कळलं तेव्हा मला फार मजा वाटली. जर्मनीत फ्रीड्रिश रायफायझन यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सावकाराला पर्याय म्हणून गावकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सननं त्यांचा अभ्यास करून अहवाल दिला, त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९१२ मध्ये मध्यप्रांताची प्रांतिक सहकारी बँक निघाली. तिकडे इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात, कापूस पिकवणाऱ्या मुलखात, मित घम्र गावी १९६३ साली अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. हे गृहस्थ जर्मनीत शिकलेले, तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहून आलेले. आधुनिक काळातली पहिली इस्लामी बँक म्हणून मित घम्रचंच नाव घेतात. राजकारणानं ती काही वर्षांतच गुंडाळली गेली. मग १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक आली, तेलाचा पैसा आला आणि कापसाच्या गावातून निघालेली गोष्ट उंच काचेच्या इमारतीत जाऊन बसली. आमच्या सहकाराचंही फार वेगळं झालं नाही. फक्त आमच्या इमारती तेवढ्या उंच नव्हत्या.

आता संत्र्याकडे येतो, कारण या सगळ्याची खरी परीक्षा तिथं होते.

आष्टी, कारंजा, आर्वी हा संत्र्याचा पट्टा. बाग दोनदा फुलते: अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार पावसाच्या तोंडावर. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं, फूल धरतं. फळ लिंबाएवढं झालं की व्यापारी बागेत फिरायला लागतात. झाडं मोजतात, फांद्या हलवून बघतात आणि उक्ता भाव सांगतात: अख्ख्या बागेचे इतके. इसार हातावर ठेवतात, बाकी तोडणीच्या वेळी. मधल्या महिन्यांत फळगळ आहे, कोळशी आहे, गारपीट आहे, नागपूर-दिल्लीचा भाव आहे. बाजार चढला तर व्यापारी खूश, पडला तर त्याचा फोन लागत नाही, आणि कास्तकाराकडे राहतो तो इसार आणि झाडावरचा माल.

आमच्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांत एक चाचा होते. बागवान, पाच वेळचे नमाजी, हिशेबाला चोख. सोसायटीत त्यांचं खातं होतं, कारण थोडी शेतीही होती. बचत खात्यावर पडलेलं व्याज ते दरवर्षी काढून गरिबाला देऊन टाकत, आणि पुण्य म्हणून नव्हे, हे बजावून सांगत. ‘‘घाण घरात ठेवत नाही भाऊ, बाहेर टाकतो. बाहेर टाकल्याचं काय पुण्य!’’ एकदा त्यांनी मला हेही ऐकवलं की व्याजाच्या पापात घेणारा, देणारा, दोन साक्षीदार आणि लिहिणारा सारे सारखेच. मग माझ्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघून हसले. ‘‘लिवनारा बी आला त्यात.’’

पण त्यांना खरा त्रास व्याजाचा नव्हता, व्याजापासून दूर राहणं त्यांना जमत होतं. त्रास होता बागेच्या सौद्याचा. पैगंबरांची शिकवण अशी सांगतात की झाडावरचं फळ रंगावर येईपर्यंत, त्याचं बरं-वाईट दिसेपर्यंत विकू नये. कारण उघड आहे: फळ हातीच लागलं नाही तर कशाच्या बदल्यात तू भावाचे पैसे घेणार? शेतकऱ्याला आगाऊ पैसा लागतो हे त्या काळीही ठाऊक होतं, म्हणून सलम नावाची सवड ठेवली. मालाची जात, प्रत, वजन, देण्याची तारीख ठरवायची, पूर्ण किंमत आजच मोजायची, माल हंगामाला घ्यायचा. मात्र अमक्याच बागेतलं, तमक्याच झाडाचं अशी अट घालायची नाही. ती बाग गेली तर विकणाऱ्यानं दुसरीकडून आणून द्यावं. या कसोटीला आमचा तळेगावचा सौदा लावून पाहा. फळ हिरवं, बाग नेमकी, किंमत अर्धवट दिलेली. तीनही ठिकाणी नापास.

चाचांना हे पाठ होतं. रंग येईपर्यंत थांबायचा प्रयत्न त्यांनी केलाही. तोवर चांगल्या बागा दुसऱ्यांनी धरलेल्या असत. शेवटी त्यांनी स्वतःपुरता एक तोडगा काढला: सौदा हिरव्या फळावरच करायचा, पण गारपीट झाली, बाग झोडपली, तर तोटा निम्मा-निम्मा. लेखी काही नाही. ज्यांनी त्यांना बागा दिल्या त्यांच्याकडून मी ऐकलं आहे की ते पाळत. इस्लामी न्यायशास्त्राच्या मालिकी पंथात याला जवळचा नियम सापडतो: आस्मानी आपत्तीनं एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त फळ गेलं तर विकत घेणाऱ्याला किमतीत सूट द्यावी लागते. आपल्याकडचे मुसलमान बहुतेक हनफी, त्यामुळे चाचांना तो लागू नव्हता. आणि आपल्या सरकारनं २०१५ पासून आपत्तीच्या मदतीची मर्यादा पन्नासवरून तेहेतीस टक्क्यांवर आणली. तलाठी पंचनाम्याला आला की आता तेहेतीस टक्के नुकसान दिसतं का ते बघतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तिसरा हिस्सा गेला की माणूस मोडतो, हे दोन्हीकडे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

बँकेच्या ताळेबंदाकडे पाहताना मी हीच बाग डोळ्यासमोर ठेवतो. सामान्य माणसाला वाटतं ठेव ही बँकेची मालमत्ता. उलट आहे. ठेव हे बँकेचं देणं. तिची मालमत्ता म्हणजे तिनं वाटलेली कर्जं आणि घेतलेले रोखे. म्हणजे आमच्या सोसायटीची मालमत्ता काय, तर शे-दोनशे कास्तकारांनी दिलेली वचनं. बाग झोडपली गेली तरी वचन झोडपलं जात नाही. ते वहीत उभंच असतं आणि रोज वाढत असतं. ही मालमत्ता सांभाळायची म्हणजे वचन जिवंत ठेवायचं. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर बँकांना थकीत कर्ज उघडपणे थकीत म्हणून दाखवणं भाग पडलं. इतर कर्जांना नव्वद दिवसांची मुदत, कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची. मग गावोगाव नवं-जुनं सुरू झालं. मार्चअखेर कास्तकारानं कुठून तरी दोन-चार दिवसांपुरता पैसा आणायचा, जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं, आणि आणलेला पैसा ज्याचा त्याला परत. वहीत वसुली शंभर टक्के, कास्तकार होता तिथंच. तो पैसा ज्याच्याकडून आणायचा तो बहुतेकदा सावकारच असे. सोसायटी ज्याला हटवायला जन्मली, तिचीच वही स्वच्छ दिसावी म्हणून त्याच्याच दारात जावं लागे.

इस्लामी बँकेची मालमत्ता निदान तत्त्वानं तरी वस्तू असते. ट्रॅक्टर हवा असेल तर बँक तुम्हाला पैसे देत नाही. ती ट्रॅक्टर स्वतः विकत घेते, ताब्यात घेते आणि नफा सांगून तुम्हाला हप्त्यावर विकते. समजा सहा लाखांचा सात लाखांना. ही मुराबहा. मधल्या काळात ट्रॅक्टर जळाला तर बँकेचा जळाला. हप्ता थकला तरी सात लाखांचे सव्वासात होत नाहीत. दंड लावलाच तर तो दानधर्मात जातो, बँकेच्या नफ्यात नाही. दारू, जुगार, व्याजावर चालणारे धंदे यांत पैसा गुंतवायचा नाही. व्याजाचे सरकारी रोखे घ्यायचे नाहीत, त्यामुळे हातातला जास्तीचा पैसा रातोरात कुठं ठेवायचा हा त्यांचा नेहमीचा घोर. त्यावर सुकूक काढले: इमारत, रस्ता अशा मालमत्तेतल्या हिश्शाचे दाखले.

हे ऐकायला फार सुंदर आहे, म्हणून मी जरा खोलात गेलो. जगभरच्या इस्लामी बँकांच्या वह्यांत बटई कमी आणि हप्त्याची विक्रीच जास्त आढळते. नफ्याचा आकडा बहुतेकदा बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरतो. ताब्यात घेणं कित्येकदा कागदावर मिनिटभरापुरतं. तवर्रुक नावाचा एक प्रकार आहे: बँकेकडून उधारीवर धातू घ्यायचा, तोच लगेच तिसऱ्याला रोखीनं विकायचा, धातू जागचा हलत नाही, हातात रोकड येते आणि डोक्यावर उधारी राहते. हे वाचलं आणि मला आमचा मार्चअखेर आठवला. त्यांच्यातल्याच अनेक विद्वानांनी या प्रकाराला नाकं मुरडली आहेत. ठेवीदाराचंही तसंच. तो खरा भागीदार, तोट्याचाही धनी. पण तोटा दाखवला तर तो उठून शेजारच्या व्याजाच्या बँकेत जाईल, म्हणून चांगल्या सालातला थोडा नफा राखीव ठेवून वाईट सालात वाटतात. आमच्या कापूस एकाधिकार खरेदीत, ती १९७२ ला सुरू झाली, भाव चढ-उतार निधी याच बुद्धीनं ठेवलेला होता.

मग वेगळेपण ते काय उरलं? माझ्या मते एकच, पण ते मोठं आहे: जे हातात नाही ते विकू नये, हा हट्ट. त्याची किंमत आमच्या भागाला २००२ मध्ये कळली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेतले. होम ट्रेड हे त्यातलं गाजलेलं नाव. सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान तिच्या जाहिरातीत होते. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. नागपूरचा आकडा दीडशे कोटींच्या घरातला, आणि वर्धा, उस्मानाबाद इथल्या जिल्हा बँकाही त्याच फेऱ्यात सापडल्या. सरकारी रोखा म्हणजे मालमत्तेतली सगळ्यात निर्धोक गोष्ट, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं जाई. रोखा निर्धोकच होता. तो नव्हताच, एवढीच अडचण. नागपूरच्या न्यायालयानं २०२३ च्या डिसेंबरात तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्यावर अपीलही झालं. शिक्षेपर्यंत एकवीस वर्षं गेली. मधल्या काळात नागपूर, वर्धा, बुलढाणा या तीन जिल्हा बँका परवान्यासाठी लागणारं भांडवलही राखू शकल्या नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं देशातल्या अशा तेवीस बँकांना सावरायची योजना आणली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या. ठेवीदारानं व्याजाच्या आशेनं पैसा ठेवला होता, तोट्यात भागीदारी कबूल केली नव्हती. ती त्याच्यावर येऊन पडलीच.

भारतात इस्लामी बँक काढायचं म्हटलं तर १९४९ चा बँकिंग नियमन कायदाच आडवा येतो. त्याच्या आठव्या कलमानं बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि मुराबहा म्हणजे तर तेच. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. दीपक मोहंती समितीनं २०१५ मध्ये नेहमीच्या बँकांतच तशी खिडकी उघडावी असं सुचवलं. २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेनं बिनव्याजी व्यवहार सुरू केला, उद्घाटनाला तेव्हाचे सहकारमंत्री सुभाष देशमुख. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं हा विषय पुढं न नेण्याचं ठरवलं. आता मुंबईच्या शेअर बाजारातला शरियतला धरून असलेला निर्देशांक आणि काही म्युच्युअल फंड तेवढे आहेत. ते शहरी नोकरदारांचे, त्यांच्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

बिनव्याजी कर्ज मात्र आमच्याकडे आलं, आणि तेही सरकारी वाटेनं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की शेतकऱ्याला शून्य टक्के. चाचांचा मुलगा बाग लावायच्या विचारात होता, तो विचारायला आला. ‘‘काका, हे चालते का आमच्यात?’’ मी त्याला जे आहे ते सांगितलं. करारात व्याज आहे. बँकेच्या वहीत ते जमाही होतं. तुझ्याऐवजी केंद्र आणि राज्य ते भरतात. तारीख चुकली की ते तुझ्या नावावर. म्हणजे बँकेला व्याज, तुला नाही, आणि मधली फळगळ तुझीच. तो थोडा वेळ बसला, मग म्हणाला, आब्बांना विचारून सांगतो.

पुढच्या आठवड्यात अर्ज आला. कर्जदार मुलगा. जामीनदार दोन लागतात. पहिली सही शेजारच्या शेतवाल्याची, दुसरी चाचांची. मी ती रजिस्टरमध्ये लिहून घेतली.